नंबर घालवण्याची गोष्ट

मला सहावीत चष्मा लागला. आता उजव्या डोळ्याला मायनस साडेपाच आणि डाव्याला मायनस सहा आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरलं की घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागते, कारण चष्मा शोधायलाही चष्माच लागतो. चष्मेवाल्यांना हे सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात लेसर ऑपरेशनची चौकशी करायला एका क्लिनिकमध्ये गेले. काउन्सेलर मुलीने हसत हसत कागद पुढे केला. तीन पॅकेजं, हप्त्यांची सोय, महिनाअखेरपर्यंत सवलत. "दोन्ही डोळ्यांचं मिळून अर्धा तास, मॅडम. शनिवारी केलंत तर सोमवारी ऑफिस." मी विचारलं, "आणि वीस वर्षांनी?" ती गोंधळली. "वीस वर्षांनी काय?"

प्रश्न मी सहजच विचारला होता. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं, की या ऑपरेशनच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि दरवेळी उशिरा.

डोळ्याच्या अगदी पुढे कॉर्निआ नावाचा पारदर्शक पडदा असतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जेमतेम जास्त. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं मोठं काम हाच पडदा करतो. मायनस नंबर असला की प्रतिमा आतल्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते. मग कॉर्निआचा फुगवटा थोडा सपाट केला तर? कल्पना जुनी आहे. १८९८ साली लान्स नावाच्या डच डॉक्टरने सशांच्या डोळ्यांवर काप घेऊन हे करून पाहिलं होतं.

माणसांवर मोठ्या प्रमाणात हे केलं ते टोकियोच्या जुन्तेंदो विद्यापीठातल्या त्सुतोमु सातो यांनी. एका आजारात कॉर्निआ शंकूसारखा पुढे येतो. अशा काही रुग्णांमध्ये कॉर्निआचा आतला थर आपोआप फाटतो, आणि जखम भरली की कॉर्निआ सपाट होतो, हे सातोंनी पाहिलं. जे निसर्ग करतो ते आपण सुरीने करू, असं त्यांच्या मनात आलं. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी कॉर्निआवर काप घ्यायला सुरुवात केली, पुढे आतून आणि बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी. लोकांचे नंबर उतरले. १९५३ साली त्यांनी आपलं काम इंग्रजीतही प्रसिद्ध केलं.

कॉर्निआच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. कॉर्निआत झिरपणारं पाणी सतत बाहेर उपसायचं, एवढंच त्याचं काम. ते थांबलं तर कॉर्निआ पाणी धरून फुगतो आणि धुरकट होतो. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. सातोंचे आतले काप नेमके याच थरातून जात होते. त्या काळी या थराचं महत्त्व कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे सातो निष्काळजी होते असं म्हणता येणार नाही. उरलेल्या पेशींनी वर्षानुवर्षं उपसा चालू ठेवला आणि रुग्ण मजेत राहिले. मग साधारण वीस वर्षांनी एकेकाच्या डोळ्यापुढे धुकं जमायला लागलं. शेकडो डोळ्यांवर हे ऑपरेशन झालं होतं. पुढे कित्येकांना दुसऱ्याचा कॉर्निआ बसवून घ्यावा लागला.

दुसरा अध्याय मॉस्कोचा. १९७०च्या दशकात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी काप फक्त बाहेरून घ्यायचे ठरवले, मध्यबिंदू सोडून, सायकलच्या चाकातल्या तारांसारखे. चष्मा फुटून काच डोळ्यात गेलेल्या एका मुलाला बरा झाल्यावर आधीपेक्षा चांगलं दिसायला लागलं आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असं ते सांगत. गोष्ट इतकी छान आहे की तिच्यावर थोडा संशयच येतो. फ्योदोरोव यांचा थाट मात्र खरा होता. त्यांच्या संस्थेत रुग्णांची टेबलं फिरत्या पट्ट्यावरून सरकत, एकेक डॉक्टर आपापला टप्पा पुरा करी आणि टेबल पुढे जाई. १९७८ साली हे ऑपरेशन अमेरिकेत पोचलं आणि तिथे त्याची लाट आली.

अमेरिकनांनी एक शहाणपण केलं. सरकारी पैशातून एक अभ्यास सुरू केला आणि ऑपरेशन झालेल्या लोकांवर दहा वर्षं नजर ठेवली. १९९४ साली निकाल आला. ४३ टक्के डोळ्यांचा नंबर त्या काळात प्लसच्या दिशेने एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. म्हणजे चष्मा घालवायला गेलेल्या माणसांच्या दारात चाळिशी वेळेआधीच येऊन उभी राहिली. कापांमुळे कॉर्निआ कायमचा कमजोर झाला होता आणि हळूहळू सपाट होतच राहिला.

या कमजोरीची सगळ्यात भयंकर कहाणी एव्हरेस्टवरची आहे. टेक्सासचे डॉक्टर बेक वेदर्स यांच्या डोळ्यांवर हे कापांचं ऑपरेशन झालेलं होतं. १० मे १९९६ रोजी शिखराच्या वाटेवर विरळ हवेत त्यांच्या कॉर्निआचा आकार बदलला आणि त्यांना दिसेनासं झालं. गाइडने त्यांना थांबायला सांगितलं, ते तासन् तास थांबले आणि मग वादळ आलं. बाकीच्यांनी त्यांना मेलेलं समजून सोडून दिलं होतं. ते उठून चालत छावणीत परतले, पण पुढे हाताला आणि नाकाला मुकले. २०१५च्या 'एव्हरेस्ट' सिनेमात हे आहे. आजचं लेसर म्हणजे ते ऑपरेशन नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. पण वेदर्स यांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, तर तेही खूशच असते.

लेसरची सुरुवात उरलेल्या जेवणातून झाली. मद्रासमध्ये जन्मलेले आणि तिथेच एम.एस्सी. झालेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. एक्सायमर नावाच्या अतिनील लेसरने प्लॅस्टिकवर बारीक नक्षी कोरण्याचे प्रयोग तिथे चालले होते. जिवंत ऊतीवर हा किरण काय करेल, हे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचं होतं. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन घरच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन आले. एक्सायमरने त्यावर सुबक खाच पडली. तुलनेसाठी वापरलेल्या हिरव्या लेसरने तो नुसता करपला. हा किरण उष्णतेने जाळत नाही, रेणूंमधले बंध तोडतो. एका ठोक्याला मिलिमीटरचा सुमारे चार हजारावा भाग उडतो. नंतर त्यांनी माणसाच्या केसावर ओळीने खाचा कोरल्या. तो फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल.

१९८३ साली न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर हा लेसर कॉर्निआवर वापरून पाहिला. दिसत्या डोळ्यावरचं पहिलं ऑपरेशन मार्गरेट मॅकडॉनल्ड यांनी १९८८ साली अमेरिकेत केलं. कर्करोगामुळे एका बाईचा डोळा काढावाच लागणार होता. तो काढण्याआधी तुम्ही प्रयोग करून घ्या, असं त्या बाईंनी स्वतः सांगितलं. पॅकेजच्या कागदावर त्यांचा उल्लेख कुठून असणार!

पुढचं भराभर. वरचा थर खरवडून लेसर मारलं की काही दिवस चांगलंच दुखतं. म्हणून क्रीटमधल्या पालिकारिस यांनी आधी पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेसर मारायचं आणि पापुद्रा परत बसवायचा, अशी पद्धत रूढ केली. तेच लॅसिक. पापुद्रा कापण्याचं यंत्र बोगोटाच्या बाराकेर यांच्या जुन्या कामातून आलेलं होतं. हे गृहस्थ कॉर्निआची चकती काढून, गोठवून, लेथवर घासत असत! नंतर स्माइल आलं, त्यात पापुद्राही नाही, बारीक छेदातून आतली चकती ओढून काढतात. त्याच्या सुरुवातीच्या निष्कर्षांत वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शहा यांचं काम आहे.

आणि लॅसिकची वीस वर्षं? अमेरिकेत एक्सायमरला पहिली परवानगी १९९५ साली मिळाली, म्हणजे ती उलटून गेली आहेत. जर्मन डॉक्टर थिओ सायलर यांनी १९९८ सालीच दाखवून दिलं होतं, की काही डोळ्यांत लॅसिकनंतर कॉर्निआ पुढे फुगत जातो, सातोंनी पाहिलेल्या त्या शंकूसारखा. पातळ कॉर्निआ आणि आधीच लपून बसलेला शंकूचा आजार ही त्याची मोठी कारणं. परवाने देणाऱ्या एफडीए या अमेरिकी संस्थेत लॅसिकची तपासणी करणाऱ्या विभागाचे प्रमुख मॉरिस वॅक्सलर यांनी निवृत्तीनंतर, २०११ साली, आपल्याच जुन्या संस्थेकडे लॅसिकविरुद्ध अर्ज केला. एफडीएने इतर सरकारी संस्थांबरोबर केलेला अभ्यास २०१७ साली छापून आला. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर खूश होते. त्याच अभ्यासात, आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय किंवा चकाकी असं काहीतरी नवं दिसत होतं. रोजची कामं करणं फार अवघड झालेले मात्र एक टक्क्याहून कमी निघाले.

दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरात पहिला दाखवते, घाबरवणारे व्हिडिओ दुसरा. माझ्या डोळ्याबद्दल दोन्ही काही सांगत नाहीत.

म्हणून मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगितल्या, कारण लेन्सने कॉर्निआचा आकार तात्पुरता बदलतो. मग कॉर्निआचा रंगीत नकाशा काढला आणि माझ्यासमोर हिशेब मांडला. जाडी ५०५ मायक्रॉन. पापुद्रा साधारण ११०. एका नंबरमागे चौदा-पंधरा धरले तर मायनस सहासाठी जवळपास ९०. उरले ३०५. किमान २५० तरी उरायलाच हवेत, जास्त उरले तर बरंच. हिशेबात मी पास होते.

"नंबर किती दिवस स्थिर आहे?" वर्षात अर्ध्याने वाढला होता. "डोळे कोरडे पडतात?" स्क्रीनसमोर, हो. ऑपरेशनमध्ये कॉर्निआतल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे ते काही काळ तरी वाढणार. "डोळे चोळता?" धुळीची अ‍ॅलर्जी आहे, लहानपणापासून चोळते. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. डाव्या डोळ्यात मध्याच्या खाली लाल रंग जरा जास्त उतरला होता, म्हणजे तिथे चढ जास्त. कदाचित काहीच नसेल, कदाचित शंकूची सुरुवात असेल. वर्षभराने पुन्हा पाहू, म्हणाले. तसंच निघालं तर लेसर नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "कसल्या भरतीसाठी हवंय का?" नको होतं. पण ही विचारपूस महत्त्वाची आहे. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत नजरेच्या अटीबरोबर आणखी एक अट असते. लॅसिक किंवा नंबर घालवणारं कुठलंही ऑपरेशन झालेला उमेदवार त्या पदासाठी अपात्र. चष्म्यामुळे नाकारतील म्हणून कर्ज काढून ऑपरेशन करणाऱ्या मुलाने ती जाहिरात आधी शेवटपर्यंत वाचलेली बरी.

चाळिशीचंही त्यांनीच सांगितलं. लेसरने ती टळत नाही. माझे बाबा बावन्न वर्षांचे, मायनस तीनवाले. रोज सकाळी चष्मा कपाळावर सरकवून पेपर वाचतात. ऑपरेशननंतर ही फुकटची सोय जाते. तेविसाव्या वर्षी याचं काही वाटत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

पहिल्या क्लिनिकचे मेसेज अजून येतात. परवाची सवलत दसऱ्याची होती. माझा पुढचा नकाशा मार्चमध्ये काढायचा आहे. त्याआधी दोन आठवडे लेन्स नाहीत आणि तोपर्यंत डोळे चोळायचे नाहीत. दुसरं जास्त जड जातंय.