आधी नक्कल, मग दुरुस्ती

लॅपटॉप कायमचा बंद पडला की माणूस हळहळतो आणि पुढच्या मार्गाला लागतो. खरा घात करतो तो कधी सुरू होणारा आणि कधी न होणारा लॅपटॉप. सकाळी काळ्या पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’ असा इंग्रजी संदेश येतो. दुपारी तेच यंत्र काही घडलेच नाही अशा थाटात उभे राहते. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुन्हा कामाला बसतो. पण त्या दुपारी दोष दूर झालेला नसतो, दूर झालेली असते ती फक्त आपली भीती. अधूनमधून उद्भवणाऱ्या बिघाडाचे हेच लक्षण आहे : तो दर वेळी इशारा देतो आणि दर वेळी स्वतःच तो इशारा पुसून टाकतो.

हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकाने मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. भोर-वेल्ह्याच्या मुलखात शिकवणाऱ्या आणि शोधकार्य करणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये आज काय साठलेले असते? प्रबंधाची प्रकरणे, मोडी कागदांची छायाचित्रे, डोंगरकपारीतल्या गावांतून ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आणि कहाण्या. म्हणजे जे पूर्वी रुमालात बांधलेले असे, ते आता हार्ड डिस्कवर असते. तेव्हा दफ्तराचा इतिहास अभ्यासणाऱ्याने या नव्या दफ्तराची प्रकृतीही जाणली पाहिजे.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने तयार केलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. १९७३ मध्ये त्याच कंपनीने ‘विंचेस्टर’ या नावाने ओळखली जाणारी बंदिस्त रचना आणली; १९८० मध्ये सव्वापाच इंची डिस्क आली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॅपटॉपमध्ये बसेल अशी अडीच इंची. आकार घटला, साठवण लाखो पटींनी वाढली; तत्त्व मात्र बदलले नाही. लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि तिच्यावरून वाचणारे शीर्ष हवेच्या अतिशय पातळ थरावर, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगते. ते तबकडीला टेकले की तेथील अक्षर गेलेच.

अशा यंत्राचा बिघाड रुक-रुक का होतो? तबकडीवरचा एखादा भाग क्षीण झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते. दहाव्या प्रयत्नात वाचता आला तर आपल्याला फक्त यंत्र ‘जरा हळू’ झालेले दिसते. काही वेळा डिस्क तो भाग गुपचूप बाद करून राखीव जागा वापरू लागते. विंडोज सुरू होण्यास लागणारी फाइल नेमकी त्या क्षीण भागावर असेल, तर ती वाचली जाईल त्या दिवशी लॅपटॉप उठतो, एरवी नाही. याशिवाय सैल झालेली जोडणी, रॅमच्या पट्टीवर चढलेली पुटे, थकलेला चार्जर ही कारणे आहेतच. वेल्ह्याच्या पावसाळ्यात जुन्या वाड्यातला दमटपणा कागदाला सोडत नाही, तसा तो धातूच्या जोडण्यांनाही सोडत नाही. बॅटरी मेलेली असली तर वीज जाण्याच्या क्षणी चालू असलेले लेखन अर्धवट तुटते, हा आणखी एक धोका.

दोषाचे निदान पाठचिकित्सेसारखे करावे लागते : एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा कोराच राहतो. तर संशय रॅम, वीजपुरवठा वा मदरबोर्डावर घ्यावा. कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव कधी दिसते, कधी नाही, तर जोडणी किंवा खुद्द डिस्क सदोष आहे. नाव नेहमी दिसते पण विंडोज अर्ध्यावर अडते, तर क्षीण भाग किंवा बिघडलेल्या फाइली हे कारण संभवते. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर तोच लॅपटॉप तासन्‌तास स्थिर चालला, तर बाकीचे यंत्र बहुधा निर्दोष आहे आणि संशय डिस्कवर पक्का होतो. डिस्कमधून टिक-टिक असा ठरावीक आवाज येऊ लागला तर मात्र पुढचा प्रयोग नको. यंत्र बंद करून पुण्यातल्या जाणकाराकडे न्यावे.

डिस्क स्वतःच आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि ती वाचता येते. पण तिच्यावर किती विसंबावे? २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी आढळल्या. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. उलट, निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवले नव्हते. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीर मानावा. न मिळाला तर निर्धास्त होऊ नये.

हा धडा याच मुलखाच्या इतिहासाने फार पूर्वी दिला आहे. वेल्हे तालुक्यातील राजगड हा रायगडापूर्वी शिवाजी महाराजांच्या राजधानीचा गड. (तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.) राजगडावरून आणि पुढे रायगडावरून जो पत्रव्यवहार झाला, त्याचे मध्यवर्ती दफ्तर आज आपल्यापाशी नाही, रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला. तरीही शिवकालीन पत्रे आपण वाचतो, ती कोठून आली? बहुतांशी ती पाठवणाऱ्याच्या घरची नाहीत, पोचलेल्यांच्या घरची आहेत. देशमुख, देशपांडे, मठ आणि देवस्थाने यांनी वतनाचा पुरावा म्हणून ती जपली. राजधानीचे दफ्तर गेले. खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेले कागद उरले.

भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. त्यांच्या दफ्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रकाशित केली. तीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. तोवर रूढ असलेली तिथी शके १५४९ ची होती. एकट्या शकावलीवर विश्वास ठेवावा का, हा वाद रास्त होता. पण कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातून तीच तिथी निघाली आणि जोधपूरच्या कुंडली-संग्रहातील कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. एकमेकांपासून दूर, वेगळ्या हातांनी, वेगळ्या हेतूने ठेवलेल्या नोंदी जुळल्या, म्हणून तिथी ठरली. संगणकाच्या भाषेत ज्याला बॅकअप म्हणतात, त्याचे मर्म हेच : प्रती अनेक हव्यात आणि त्या एकाच कपाटात नकोत. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवलेली दुसरी डिस्क ही प्रत खरी, पण पिशवी हरवली की दोन्ही हरवतात.

आता क्रमाविषयी. जीर्ण कागद हाती आला की जाणता संशोधक आधी त्याची नक्कल करतो, घड्या उलगडून डागडुजी नंतर. कारण प्रत्येक उलगड कागदाचे आयुष्य खाते. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्याचा धडाका लावला, त्यामागे हीच निकड होती; कसर आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीत. आजारी डिस्कबाबत आपण नेमके उलटे वागतो. विंडोजची दुरुस्ती चालवतो, चेकडिस्क लावतो, सगळे पुन्हा भरतो. हे उपाय डिस्कवर नवे लिहितात आणि थकलेल्या शीर्षाला तासन्‌तास राबवतात. योग्य क्रम असा : लॅपटॉप ज्या दिवशी सुरू झाला, त्याच दिवशी, दुसरे काहीही न करता, दुसरीकडे कोठेच नसलेले साहित्य आधी उतरवून घ्यावे. सुरू होत नसेल तर लिनक्सवरून ‘डीडी-रेस्क्यू’सारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत काढावी. हे साधन जे सहज वाचता येते ते आधी घेते आणि रुतलेल्या भागांकडे शेवटी वळते. चतुर नकलनविसाचीच ही रीत आहे. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या प्रतीवर करावेत.

नक्कल हाती आली तरी वाचन उरतेच. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मराठी फाइल उघडावी तर युनिकोडपूर्व फॉन्टमुळे अगम्य चिन्हांची रांग दिसते. कागद शाबूत असून मोडी वाचणारा नसावा, तसाच हा प्रकार. म्हणून उतरवलेल्या प्रतीचे युनिकोडमध्ये लिप्यंतर करणे हाही जतनाचाच भाग होय.

कोणी म्हणेल, आता तबकडी नसलेल्या एसएसडी आल्या, आकाशस्थ साठवण आली. ही चिंता जुनी झाली. खरे आहे, एसएसडीला फिरणारे भाग नाहीत. पण तिचा मृत्यू बहुधा टिक-टिक न करता येतो, आणि परक्याच्या यंत्रावरची प्रत त्याच्या मर्जीने टिकते. माध्यम बदलले की नियम बदलत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ऐकता-वाचता येतात, त्या हातची वही, ध्वनिफीत, संगणक आणि शेवटी ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाचे संकेतस्थळ अशा प्रवासामुळे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी वेळेवर नक्कल केली. पत्राला निदान दुसरे टोक असते. ते पोचलेल्या घरी सापडू शकते. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतल्या आजीने गायलेली ओवी ध्वनिमुद्रित झाली आणि आजी गेली, तर लॅपटॉपमधली ती एकच फाइल अस्सल आणि तीच नक्कल. असा लॅपटॉप उद्या सकाळी सुरू झाला, तर त्या दिवसाचे पहिले काम कोणते, हे वेगळे सांगायला नको.