मान मोडताना

आमच्या कोल्हापुरात मान धरली की सल्ले देणारे शंभर. कुणी उशी बदलायला सांगतं, कुणी तालमीतल्या वस्तादाचा पत्ता देतं. आणि केस कापून झाले की न्हावी न विचारताच हनुवटी धरून कडाककन मान मोडतो. मलाही ते आवडायचं. पण हल्ली मानेतल्या धमन्यांचा इतिहास वाचत बसलोय, आणि आता खुर्चीत बसतानाच सांगतो, "मान नको हं!"

सुश्रुतसंहितेत गळ्याच्या दोन्ही बाजूंना 'नीला' आणि 'मन्या' ही मर्मं सांगितली आहेत. तिथे इजा झाली तर वाचा जाते, आवाज बिघडतो. (यावरून त्यांना सगळंच ठाऊक होतं असा निष्कर्ष कृपया काढू नये.) पाश्चात्त्य डॉक्टरही अर्धांगाचं कारण बराच काळ डोक्यातच शोधत होते. १९५१ मध्ये मिलर फिशर या कॅनेडियन डॉक्टरने बोट मानेकडे वळवलं. तिथली धमनी तुंबली तरी मेंदूचा झटका येतो! १९७८ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी याच धमन्यांना पडणाऱ्या चिरेवर सविस्तर लिहिलं. त्याआधी ही चीर बहुतेकदा शवविच्छेदनातच सापडायची.

होतं काय, तर धमनीचं आतलं अस्तर फाटतं, रक्त भिंतीच्या थरांत शिरतं, वाट अरुंद होते आणि तिथे गुठळी धरते. तिचा तुकडा सुटून वर गेला की झटका. अपघात, मानेला हिसका, कधी जोराची शिंक, तर कधी काहीच कारण नाही. चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसालाही होतं, म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुखणं मात्र आधी येतं. मानेत किंवा डोक्यात एकाच बाजूला, पूर्वी कधी न दुखल्यासारखं. कधी त्याच बाजूची पापणी उतरते, बाहुली बारीक होते. झटका काही तासांनी, काही दिवसांनीही येऊ शकतो. नेमक्या याच मधल्या दिवसांत आपण तेल लावून मान चोळून घेतो!

खरं तर उपाय साधा आहे. स्कॅनमध्ये चीर दिसली की बहुतेकांना गुठळी होऊ न देणारी औषधं पुरतात. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी बरी की रक्त पातळ करणारं कडक औषध, यावर डॉक्टरांचा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१५ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या २५० रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा दोन्हींत ठळक फरक दिसलाच नाही. बऱ्याच चिरा काही महिन्यांत आपोआप भरून येतात.

तेव्हा मामा, काका, तुमची मान नेहमीपेक्षा वेगळी दुखली, सोबत चक्कर आली, एकाचे दोन दिसले किंवा जीभ जड झाली, तर वस्तादाकडे नको, थेट मोठ्या दवाखान्यात. झटका आलाच तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं.