खिंड राखणारी माणसे

खिंड म्हटले की मराठी मनापुढे पहिल्याने पावनखिंड उभी राहते. 1660 सालच्या जुलै महिन्यात बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे साथीदार तेथे देह ठेवून शत्रूला अडवीत राहिले. तेव्हापासून खिंड ही लढवण्याचीच जागा, असे आपण मानत आलो. ते योग्यच आहे. परंतु वाचकहो, कोणी अडू नये, कोणी वाटेत मरू नये, एवढ्याचसाठी पिढ्यान्‌पिढ्या खिंड राखून बसलेली माणसेही इतिहासात आहेत. त्यांच्याविषयी आज चार शब्द लिहावेत, असे मनात आले आहे.

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर आल्प्स पर्वतात ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे. उंची 2469 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट. रोममध्ये शिकत असताना 1999 च्या ऑगस्टमध्ये आम्ही ती पायी चढलो. सोबतीला एक मल्याळी धर्मगुरू होते. बूर्ग-सां-पिएर या शेवटच्या स्विस गावातून सकाळी निघालो. प्रथम धरणाचा निळा जलाशय, मग गाईंची कुरणे, मग नुसता दगड. वरच्या उजाड घळीला तेथील लोक ‘मृतांची घळ’ म्हणतात. हिमलोटांखाली तेथे किती वाटसरू गाडले गेले, याची गणती नाही. भर ऑगस्टमध्येही सावलीच्या कपारीत मळकट बर्फ शिल्लक होते. आमच्या अंगावर वसईच्या हवेला पुरेल एवढाच स्वेटर होता, हेही सांगून टाकावे.

ही वाट रोमनांच्या काळापासून वाहती आहे. माथ्यावर त्यांनी ज्युपिटर देवाचे मंदिर बांधले होते, आणि सुखरूप पोहोचलेल्या प्रवाशांनी तेथे वाहिलेल्या नवसाच्या कांस्यपट्टिका उत्खननात सापडल्या आहेत. पुढे ख्रिस्ती यात्रेकरू याच वाटेने रोमला जाऊ लागले. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक 990 साली रोमहून परतताना इकडूनच गेले. त्यांच्या ऐंशी मुक्कामांची यादी आजही उपलब्ध आहे. मात्र त्या शतकात थंडीइतकेच भय माणसांचे होते. 972 मध्ये क्लूनी मठाचे मठाधिपती संत मायोलस यांना सॅरासेन टोळ्यांनी या खिंडीच्या पायथ्याशीच पकडले, आणि मठाने मोठी खंडणी भरून त्यांना सोडवले.

आओस्ता नगरीचे आर्चडीकन बर्नार्ड हे सारे पाहत होते. लुटलेले, गारठलेले, बोटे झडलेले यात्रेकरू त्यांच्याच शहरात उतरत. 1050 च्या सुमारास त्यांनी माथ्यावर एक धर्मशाळा बांधली आणि तिच्यात मठवासी ठेवले. झाडही उगवत नाही अशा जागी, वर्षातील आठ-आठ महिने बर्फात! संत ऑगस्टिनच्या नियमानुसार जगणारे कॅनन मठवासी तेव्हापासून आजपर्यंत तेथे आहेत. ‘येथे ख्रिस्ताची आराधना होते आणि येथे त्याला भोजन मिळते,’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद त्यांनी जपले आहे. त्या वाक्यातील दुसरा भाग आम्हांला अधिक कठीण वाटतो.

हिवाळ्यात मठवासी आणि त्यांचे वाटाडे वाटसरूंच्या शोधात खाली उतरत. धुक्यात वाट हरवली की कुत्री वास काढीत. 1800 ते 1814 या काळात जगलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक जीव वाचवले असे सांगतात. त्याचा देह बर्नच्या संग्रहालयात जतन केला आहे. गळ्यातील ब्रँडीचे पिंप मात्र चित्रकाराच्या कल्पनेतले. ज्यांना वाचवता आले नाही त्यांच्यासाठी धर्मशाळेशेजारी दगडी मृतगृह होते. गोठलेल्या खडकात खड्डा खणता येत नसे. नातेवाईक येऊन ओळखतील या आशेने ती प्रेते तेथे ठेवली जात. आता त्याचे दार भिंत घालून बंद केले आहे. आम्ही त्या भिंतीपुढे एक प्रार्थना म्हटली. कुणासाठी, ते नाव ठाऊक नव्हते.

जगाला ही खिंड आठवते ती नेपोलियनमुळे. 1800 च्या मे महिन्यात सुमारे चाळीस हजार सैन्य घेऊन तो ती ओलांडून इटलीत उतरला. पोकळ केलेल्या झाडांच्या बुंध्यांत तोफा घालून सैनिकांनी त्या ओढल्या. दावीदच्या चित्रात तो उधळलेल्या घोड्यावर आहे. प्रत्यक्षात तो एका स्थानिक वाटाड्याच्या मागे खेचरावरून गेला. मठवाशांनी साऱ्या सैन्याला पाव, चीज आणि द्राक्षारस वाढला. चाळीस हजार फ्रँकचे देणे झाले. त्यापैकी काही रक्कम 1850 साली मिळाली, आणि 1984 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी प्रतीकात्मक परतफेड केली. सम्राटांची उधारी अशी असते! आमच्या मते त्या मोहिमेचा खरा इतिहास धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात घडला. तो कोणी रंगवला नाही.

1923 मध्ये पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोप स्वतः डोंगरवेडे. तरुण धर्मगुरू असताना, 1889 साली, मोंते रोझा पर्वताच्या दुर्घट पूर्वकड्याने ते चढले होते आणि शिखराजवळ उघड्यावर रात्र काढली होती. बर्फातल्या रात्रीची लांबी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

चढताना शेवटच्या वळणांवर सायकलस्वार आम्हांस मागे टाकून जात होते. त्यांतील एक पांढऱ्या केसांचे इटालियन गृहस्थ माथ्यावर भेटले. त्यांच्या सायकलला मातेचे छोटे पदक बांधलेले होते. ते कोमो सरोवरालगतच्या गिझालो चढावरील मरियामातेचे, असे त्यांनी सांगितले. ‘‘पाद्रे, तुमचे संत पायी चालणाऱ्यांचे, आमची माता सायकलवाल्यांची,’’ असे म्हणून ते हसले. 13 ऑक्टोबर 1949 रोजी पोप बारावे पायस यांनी गिझालोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती घोषित केले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचा आओस्ता ते लोझान हा टप्पा याच खिंडीवरून गेला होता. ती शर्यत फाउस्तो कोप्पी यांनी जिंकली.

त्या जुलैच्या आणि त्या ऑक्टोबरच्या मध्ये, 11 ऑगस्ट 1949 रोजी, दुसऱ्या एका खिंडीत काय घडले ते आम्हांला धर्मशाळेतील एका तसबिरीमुळे कळले. मॉरिस तोर्ने यांचा जन्म 1910 साली ओर्सिएर या याच वाटेवरील धर्मग्रामात झाला. ते या मठात कॅनन झाले आणि 1936 साली तिबेटच्या सीमेवरील मिशनकार्यासाठी गेले. हिमाच्छादित खिंडींत राहण्याची सवय असलेले मठवासी म्हणून त्यांच्या बंधूंना तेथे बोलावले होते. मेकाँग आणि साल्वीन या नद्यांमधील लात्सा खिंडीत अशीच धर्मशाळा बांधायला त्यांनी घेतली. ती पुरी झाली नाही. 1945 मध्ये तोर्ने येरकालो येथील धर्मगुरू झाले. दुसऱ्या वर्षी त्यांना तेथून हाकलण्यात आले. आपल्या भाविकांना धर्मपालनाची मुभा मिळावी म्हणून ते वेष पालटून ल्हासाकडे निघाले. वाटेत त्यांना परत फिरवण्यात आले, आणि चोला खिंडीत दबा धरलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना व त्यांचा सेवक दोसी याला गोळ्या घातल्या. 16 मे 1993 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले.

1964 मध्ये खिंडीखालून पावणेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. मालट्रका आणि मोटारी आता बाराही महिने तेथून जातात. वरचा रस्ता केवळ उन्हाळ्यात खुला असतो. कुत्र्यांचा सांभाळही 2005 पासून खाली मार्तिन्यीतील एका संस्थेकडे आहे. मग मठवाशांनी खाली का उतरू नये, असा व्यवहारी प्रश्न आम्ही जेवणाच्या टेबलावर विचारला. शेजारच्या वृद्ध कॅननांनी भांडे पुढे सरकवत सूप घ्यायला सांगितले. थोड्या वेळाने म्हणाले, हिवाळ्यात स्कीवरून आणि बर्फातून पायी येणारे अजून आहेत; दार उघडायला कोणीतरी हवे.

हे लिहिताना आम्हांला आमचेच एक दार आठवते. काही वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका रात्री, आमच्या धर्मग्रामातील निवासाची घंटा कोणी वाजवली. पाऊस मुसळधार होता. आम्ही खिडकीतूनच नाव विचारले, गाव विचारले, काम विचारले. मग छत्री शोधली, किल्ली शोधली. फाटकाशी गेलो तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हते. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो.

त्या दिवशी खिंडीच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा धुके उतरले होते, आणि त्या तुटपुंज्या स्वेटरात आमचे दात वाजत होते. दार ढकलले, ते नुसते लोटलेले होते. आत दगडी फरशीवर आमच्या बुटांचे पाणी ओघळले. एका तरुण मठवाशाने चहाचे दोन वाडगे आणून समोर ठेवले. आम्ही कोण, कुठले, धर्मगुरू की आणखी कोणी, हे त्याने विचारले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, वहीत नावे लिहिताना.