रात्री बाराची सिंड्रेला

परवा रविवारी सकाळी चहा घेता घेता घरच्या कॉम्प्युटरचा आठवड्याचा रिपोर्ट उघडला. लेकीच्या (वय वर्षं तेरा) अकाउंटला मी रोजचा एक तास ठरवून दिलाय. तिचा आकडा अगदी शहाण्या मुलीसारखा होता. माझ्या नावापुढे मात्र एका गेमचे अकरा तास! बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही. मी तो गेम आयुष्यात एकदाही खेळलेलो नाही हो...

पासवर्ड तिला मीच दिला होता. मागच्या महिन्यात माझा कॉल चालू असताना "बाबा, प्रोजेक्टची प्रिंट काढायचीय" म्हणून ती मागे लागली, आणि मी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिला. कटकट नको म्हणून. (ऑफिसात पासवर्ड कुणाला देऊ नका, हे नवीन पोरांना मीच सांगतो.)

तर मंडळी, या फजितीनंतर मला दक्षिण कोरिया आठवला. आमच्या घरात जे महिनाभर झालं, ते तिथे एका कायद्याखाली दहा वर्षं चाललं होतं.

१९९७च्या आर्थिक संकटानंतर कोरियाने ब्रॉडबँडवर प्रचंड जोर दिला. गल्लोगल्ली 'पीसी बांग' उघडले, म्हणजे तासावर पैसे घेणारी गेमिंगची दुकानं. १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' आला आणि पोरं त्याला जी चिकटली ती चिकटलीच. पुढे तर गेम खेळणं हे तिथे रीतसर करिअर झालं, मॅचेस टीव्हीवर लागू लागल्या. इकडे आईबाप हवालदिल. रात्री पोरगं झोपत नाही, सकाळी शाळेत पेंगतं. शेवटी सरकारने कायदाच केला. २० नोव्हेंबर २०११पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. लोकांनी त्याला लगेच नाव पाडलं, सिंड्रेला कायदा.

आता इंजिनिअरच्या डोक्याने बघा. सर्व्हरला कसं कळणार की पलीकडे चौदा वर्षांचा मुलगा आहे? कोरियात प्रत्येक नागरिकाला तेरा आकडी नंबर असतो आणि त्यातले पहिले सहा आकडे म्हणजे जन्मतारीख. गेमचं अकाउंट उघडताना हा नंबर द्यावा लागे. म्हणजे काम सोपं: तारीख बघा, वय काढा, बारा वाजले की बाहेर काढा. दोन ओळींचा कोड!

आणि त्या दोन ओळींना पोरांचं उत्तर एका ओळीचं होतं. आईचा नंबर टाका. की मग सर्व्हरच्या लेखी रात्री दोन वाजता बेचाळीस वर्षांची एक बाई तलवार घेऊन ड्रॅगनच्या मागे धावतेय. शिवाय मोबाइलवरचे गेम कायद्यातून वगळलेले होते, आणि तोवर पोरांच्या हातात स्मार्टफोन आलेच होते. घड्याळ लावलं एका खोलीला, खेळ चालला दुसऱ्या खोलीत.

तरी कायदा टिकला. २०१४ साली तिथल्या घटना न्यायालयानेही तो वैध ठरवला. तो अडचणीत आला एका फारच गमतीशीर कारणाने. २०२१मध्ये 'माइनक्राफ्ट'ची खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांवर हलवली जात होती. एकट्या कोरियासाठी मध्यरात्रीची वेगळी व्यवस्था करण्यापेक्षा कंपनीने तिथे खातं एकोणीस वर्षांवरच्यांनाच ठेवलं. ठोकळे रचायचा पोरांचा खेळ, आणि तो फक्त प्रौढांसाठी! (प्रोग्रामर म्हणून मला कंपनीचा आळस समजतो, बाप म्हणून नाही.) बोंबाबोंब झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने माघार जाहीर केली आणि १ जानेवारी २०२२पासून कायदा गेला. उरली ती २०१२पासूनची दुसरी सोय: आईबापांनी किंवा मुलाने स्वतः मागितली, तरच ठरावीक वेळ गेम बंद.

गंमत म्हणजे हे सगळं टीव्हीच्या बाबतीत आधीच होऊन गेलं होतं. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा, का, तर तेवढ्या वेळात लहान मुलांना झोपवता यावं. १९५५ साली जाहिरातींवर चालणारा आयटीव्ही आला आणि त्याला तो रिकामा तास परवडेना. चार्ल्स हिल नावाचे मंत्री होते, स्वतः डॉक्टर. मुलांना झोपवणं हे सरकारचं नाही, आईबापांचं काम, असं म्हणून त्यांनी फेब्रुवारी १९५७मध्ये तो तास उठवला. आमच्या लहानपणी दूरदर्शन रात्री आपणहून बंद व्हायचं, आणि परीक्षेच्या दिवसांत टीव्हीच्या लाकडी शटरला कुलूप लागायचं ते वेगळंच. त्या कुलपाची किल्ली आजी पदराला बांधायची. पासवर्डसारखी चिटोऱ्यावर लिहून द्यायची सोय नव्हती तिला :-)

असो. तर रविवारी दुपारी लेकीला समोर बसवलं. मी आवाज चढवायच्या आतच ती म्हणाली, "बाबा, तुझ्या लॅपटॉपला कुठे आहे लिमिट? तू जेवतानाही उघडून बसतोस. मी बोलायला आले की 'पाच मिनिटं' म्हणतोस, मग मी गेम लावते."

काय बोलणार?

पासवर्ड बदलला, तो भाग वेगळा. पण एक कागद फ्रिजवर लावला, त्यावर दोघांची नावं. रात्री साडेनऊनंतर दोन्ही मशीन हॉलमधल्या कपाटात. किल्ली बायकोकडे. सोमवारी नऊ पन्नासला ऑफिसचा फोन आला, सर्व्हर पडलाय म्हणून. मी कपाटासमोर उभा. लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "आईचा नंबर टाक ना."