रफार आधी की नंतर?

कागदावर ‘वर्धा’ लिहिताना आपण आधी व काढतो, मग धा, आणि शेवटी हात मागे नेऊन रफार चढवतो. मोबाइलच्या कळफलकावर हा क्रम चालत नाही. तिथे व, मग र, त्याचा पाय मोडायचा, मग ध आणि काना. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव (मेघे)मध्ये निवृत्त शेजाऱ्यांना मी मोबाइलवर मराठी लिहायला शिकवतो, तेव्हा बहुतेकांची गाडी नेमकी या शब्दावर अडते. ‘‘रफार तं डोक्यावर असते, मग आधी काहून?’’ असे एका काकाजींनी विचारले. प्रश्न अगदी योग्य आहे. त्यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आमच्या वर्ध्यातच घडला आहे.

१९३५ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर काका कालेलकरांच्या नेतृत्वाखाली लिपिसुधारणेचे काम सुरू झाले. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तिच्या प्रकाशनांतून इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे जाऊन ‘अि, अी, अु, अू’ अशी अ ची बाराखडी छापली जाऊ लागली. (सावरकरांचाही हाच आग्रह होता. एरवी कशावरच एकमत नसलेली ही दोन घराणी अ च्या बाराखडीवर तेवढी एकत्र आली!) हेतू व्यवहारी होता. खिळे कमी लागावेत, छपाई स्वस्त व्हावी आणि टंकयंत्रावर नागरी सुखाने बसावी.

टंकयंत्र मुळात रोमन लिपीसाठी घडलेले. त्याच्या मोजक्या कळांत आपली जोडाक्षरे कोंबायची म्हणून ध, भ, ख यांची अर्धी रूपे कळांवर ठेवली. पूर्ण अक्षर हवे तर पुढे काना मारायचा. ‘कि’ उमटवताना वेलांटी आधी आणि क मागून. रफार सर्वांत शेवटी. यंत्र परके असले तरी क्रम हाताच्या वळणाचाच राहिला. टायपिंगच्या वर्गांत हा क्रम बोटांत मुरवून एका पिढीने कचेऱ्यांतल्या नोकऱ्या मिळवल्या.

१९५३ साली लखनौच्या परिषदेने पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले. वाचकांच्या डोळ्यांना ते मानवले नाही आणि १९५७ साली तो निर्णय मागे घ्यावा लागला. अ ची बाराखडीही हळूहळू मावळली. माझ्या मते लोकांनी तिला नाकारले ते तर्क चुकीचा होता म्हणून नव्हे. लिपी ही डोळ्यांची सवय असते आणि सवयीला तर्क पटत नाही.

पुढे १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक आणला. १९८८ची ‘इस्की’ संकेतप्रणाली आणि तिच्या आधारे १९९१ साली युनिकोडमध्ये आलेली देवनागरी, दोन्हींनी उच्चाराचा क्रम धरला. आता क आधी, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र ती मुकाट डावीकडे जाऊन बसते. म्हणजे लखनौला कागदावर जे साधले नाही, ते यंत्राच्या पोटात साधले. डोळ्यांना काही बदलावे लागले नाही, बोटांना बदलावे लागले.

त्याची किंमत कोण मोजते? माझा अनुभव असा की कधीही टंकलेखन न केलेल्या आजीबाई शब्द मोठ्याने उच्चारतात आणि आठवड्याभरात सरावतात. उलट, नोकरीची सारी वर्षे मराठी टंकलेखनात गेलेल्या एक बाई सवयीने वेलांटी आधी मारतात आणि पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ज्या कौशल्यावर घर चालवले, तेच आड येते, याचा त्यांना मनापासून राग येतो. मला तो रास्त वाटतो.

कंटाळलेले लोक मग रोमन अक्षरांकडे वळतात. तिथे मला, माला, माळा आणि मळा यांचे स्पेलिंग एकच! शेताच्या वाटणीचा निरोप असेल तर हा विनोद राहत नाही. बोलून लिहिण्याची सोय आहे, पण घरात चार माणसे बसलेली असताना मनातले मोठ्याने कसे बोलायचे?

मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘स्वरचक्र’ मी या बाईंना दाखवले. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती बाराखडीचे चक्र उघडते. त्यांनी ते थोडा वेळ न्याहाळले आणि म्हणाल्या, ‘‘हे तं पाटीवरचंच आहे.’’ वेलांटी कधी मारायची, हा प्रश्न त्या दिवशी निघाला नाही.