ताराबाईंच्या दोन शपथा

कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. ऐतिहासिक कादंबरी शिकवताना मी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना हटकून विचारतो, पुतळ्यातल्या ताराबाईंचे वय काय असावे? उत्तर बहुधा पंचविशी-तिशीचे येते, आणि ते बरोबरच आहे. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले तेव्हा हंबीरराव मोहित्यांची ही कन्या पंचवीस वर्षांची होती. पुढली सात वर्षे, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, तिने जे केले त्याची वाखाणणी खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारालाही करावी लागली. पण ताराबाई वारल्या त्या डिसेंबर १७६१ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, पानिपतानंतर. मधली चौपन्न वर्षे पुतळ्यात नाहीत. ती आपल्या ललित लेखनाच्या ध्यानीमनीही फारशी नसतात, ही माझी तक्रार आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरीने राजस्त्रियांकडे दुर्लक्ष केले असे मुळीच नाही. ‘स्वामी’तील रमाबाई, ‘राऊ’तील मस्तानी, ‘छावा’तील येसूबाई या आपल्या वाचकांच्या घरातल्याच होऊन बसल्या आहेत. तथापि या तिघींचेही कादंबरीतील स्थान नायकाच्या अंगाने ठरलेले आहे. त्या सोसतात, साथ देतात, वाट पाहतात. ना. सं. इनामदारांनी ‘शिकस्त’मध्ये पार्वतीबाईंना केंद्रस्थानी आणले, हे धाडस मोठेच; परंतु तिथेही केंद्र आहे ते न परतलेल्या पतीची प्रतीक्षा. ताराबाई या चौकटीत मावत नाहीत, कारण त्या कोणाची वाट पाहत नाहीत. त्यांना सत्ता हवी आहे. राज्यलोभ हा शब्द आपण पुरुषाच्या बाबतीत महत्त्वाकांक्षा म्हणून सहज खपवून घेतो, स्त्रीच्या बाबतीत मात्र अडखळतो.

१७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष हरला. करवीरची वेगळी गादी उभी राहिली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच सवत राजसबाईंच्या पक्षाने ताराबाईंना मुलासह कैदेत टाकले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. मुलगा कैदेतच गेला. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेने संभाजींचा पराभव केला आणि ताराबाई साताऱ्यास आल्या. म्हणजे सावत्र मुलाच्या कैदेतून पुतण्याच्या नजरकैदेत. इथपर्यंतची कथा एखादा बखरकारही सांगेल. कादंबरीकाराची खरी परीक्षा यानंतर आहे.

शाहूंना पुत्र नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ताराबाईंनी सांगितले, की माझा नातू जिवंत आहे. राजसबाईंच्या भयाने त्याला तान्हेपणीच पन्हाळ्यावरून गुप्तपणे हलवले, तो पानगावास वाढला आहे. हाच रामराजा. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या आग्रहावरून ताराबाईंनी रामराजासोबत सर्वांसमक्ष भोजन केले, आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपलाच नातू असे सांगितले. १७५०च्या आरंभी तो छत्रपती झाला. पेशव्यांना दूर करण्याचा आजीचा सल्ला त्याने मानला नाही, तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर त्यांनी दुसरी शपथ घेतली. तिचा आशय असा, की रामराजा आपला नातू नव्हेच.

यातली खोटी शपथ कोणती? इतिहासकाराला कौल द्यावाच लागतो. नातू खरा असेल तर सत्तेसाठी आजीने रक्त नाकारले. तोतया असेल तर तिने सत्तेसाठी परक्याला रक्ताचे नाव दिले. दोन्हीकडे हेतू एकच, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

असाच प्रसंग रशियन राजघराण्यात घडला होता. इव्हान द टेरिबलची विधवा मारिया हिचा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये लहानपणीच मेला आणि तिला मार्फा या नावाने जोगीण व्हावे लागले. १६०५ मध्ये दिमित्री म्हणवणारा तरुण मॉस्कोत आला. मार्फाने त्याला सर्वांदेखत मुलगा म्हणून स्वीकारले. पुढच्याच वर्षी तो मारला गेल्यावर नाकारले. ‘डेमेट्रियस’ हे शिलरचे नाटक १८०५ मध्ये त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. तरी त्यातली मार्फा पाहावी. हा माझा मुलगा आहे काय, हा तिच्यापुढचा प्रश्नच उरत नाही. ज्यांनी आपल्याला मठात कोंडले त्यांचा सूड घेणारा कोणी आला आहे, एवढे तिला पुरते. वात्सल्य आणि सूड तिच्या मनात वेगळे काढता येत नाहीत. रशियन राजस्त्रियांवर लिहिणाऱ्यांना आणखी एक सोय आहे: सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने आपल्या आठवणी स्वतः फ्रेंचमध्ये लिहून ठेवल्या. ताराबाईंनी आत्मकथन लिहिले नाही. पण त्यांचा काळ मुका नाही. शिवाजी विद्यापीठाने डॉ. आप्पासाहेब पवारांच्या संपादनाखाली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ प्रसिद्ध केली आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी कोल्हापूरबाहेर जावे लागत नाही.

तोतया हा विषय मराठीला नवा नाही. भाऊसाहेबांच्या तोतयावर न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. पण तिथे तोतया कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असते. रामराजाच्या बाबतीत हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, आणि तिने दोन्ही उत्तरे देवाधर्माच्या साक्षीने दिली. लेखकाने यातले एक निवडले, की कादंबरी संपली असे मला वाटते. ‘राजमाता’ या बिरुदाचे ओझे त्याला त्या निवडीकडे ढकलणार, हेही उघड आहे. ते ओझे आपण वाचकांनीच त्याच्या डोक्यावर ठेवले आहे.

जेजुरीच्या शपथेनंतरही पेशव्यांनी रामराजाला गादीवरून काढले नाही. तो छत्रपती राहिला आणि कैदीही राहिला. पुढली नऊ वर्षे साताऱ्याच्या एकाच किल्ल्यावर, नातू म्हणून आणलेला तो आणि त्याला नाकारलेली ती आजी, दोघेही होते.