मॉनिटरचं बटण कोणाच्या हातात?

रात्री ऑफिस रिकामं झाल्यावर किती मॉनिटर चालू राहतात, हे कुणी जाऊन मोजलंय का? मोजलंय! अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या ऑफिसांत, सगळे घरी गेल्यावर ११ फेऱ्या मारल्या आणि दिसेल त्या यंत्राची नोंद केली. त्यांच्या २००१ सालच्या अहवालातले आकडे असे: रात्री बंद केलेले कॉम्प्युटर ४४ टक्के आणि मॉनिटर फक्त ३२ टक्के. बाकीच्या मॉनिटरना आपोआप झोपवण्याची सोय होती, पण त्यांच्या अंदाजाप्रमाणे ती ५६ टक्केच ठिकाणी काम करत होती.

गंमत म्हणजे, मॉनिटर कसा झोपवायचा याचं स्टँडर्ड तेव्हा आठ वर्षं जुनं झालं होतं. मग घोडं अडलं कुठे? आजचा विषय तोच.

सुरुवात स्क्रीनसेव्हरपासून करू. जुन्या सीआरटी मॉनिटरवर एकच चित्र तासन् तास राहिलं, तर आतल्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडायचा. त्यावर जॉन सोचा यांनी डिसेंबर १९८३ च्या 'सॉफ्टटॉक' मासिकात एक छोटा प्रोग्रॅम दिला. थोडा वेळ कुणी कीबोर्डला हात लावला नाही की स्क्रीन काळा. पुढे 'आफ्टर डार्क'ने तर पंखवाले टोस्टर उडवून धमाल केली. पण यात वाचत होता तो फॉस्फर, वीज नव्हे! १७ इंची सीआरटी ७०-८० वॅट खायचा आणि टोस्टर उडत असतानाही साधारण तेवढेच खायचा. 'सेव्हर' या नावामुळे वीज वाचते असा समज मात्र घट्ट बसला.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण संरक्षण खात्याने, 'एनर्जी स्टार' योजना सुरू केली. हे लेबल पहिल्यांदा मिळालं ते कॉम्प्युटर आणि मॉनिटरना. अट साधी: काम नसताना ३० वॅट किंवा त्याहून कमी. योजना ऐच्छिक होती, पण एप्रिल १९९३ मध्ये क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी एनर्जी स्टारवालेच कॉम्प्युटर, मॉनिटर आणि प्रिंटर घ्यावेत. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडणार?

त्याच वर्षी व्हेसा या संघटनेने डीपीएमएस हे स्टँडर्ड काढलं. मला ते फार आवडतं, कारण त्यासाठी एकही नवी वायर लागली नाही. ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला सतत दोन ताल देत असतं: नवी ओळ कधी सुरू करायची (हॉरिझाँटल सिंक) आणि नवं चित्र कधी (व्हर्टिकल सिंक). पहिला ताल थांबला की 'स्टँडबाय', दुसरा थांबला की 'सस्पेंड', दोन्ही थांबले की 'ऑफ'. बस्स.

पण ताल थांबवायला कार्डाला सांगणार कोण? ऑपरेटिंग सिस्टिम. आणि ऑफिसांनी मोठ्या प्रमाणावर घेतलेल्या १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये पॉवर मॅनेजमेंट मुळातच नव्हतं! म्हणजे मॉनिटरवर निळा तारा चिकटवलेला, आणि त्याला 'झोप आता' म्हणणारं घरात कुणीच नाही.

विंडोज २००० मध्ये पॉवर मॅनेजमेंट आलं. शिवाय ग्रुप पॉलिसी आली, म्हणजे एका जागी नियम लिहा आणि नेटवर्कवरच्या हजार मशीनना लावा. पण या दोघांची गाठच पडली नाही. ग्रुप पॉलिसीत पॉवर सेटिंगचा रकानाच नव्हता. वर एक्सपीमध्येही मॉनिटर किती मिनिटांनी बंद करायचा हे रजिस्ट्रीत प्रत्येक युजरच्या खात्यात वेगळं लिहिलेलं. हजार माणसं, हजार सेटिंग्ज. बिचारा ॲडमिन टेबलाटेबलावर जाणार का?

साधा हिशेब करून पाहा. १००० मॉनिटर, प्रत्येकी ७५ वॅट, रात्रीचे १४ तास. झाले १,०५० युनिट, एका रात्रीत, एका कंपनीत.

शेवटी ईपीएनेच 'ईझी सेव्ह' आणि 'ईझी जीपीओ' ही सॉफ्टवेअरं फुकट वाटली. पहिल्याने एका जागेवरून नेटवर्कवरच्या मॉनिटरची पॉवर सेटिंग्ज बदलता यायची. दुसऱ्याने ग्रुप पॉलिसीतला तो गाळलेला रकाना भरून काढला. पर्यावरण खात्याला विंडोजमधलं भोक बुजवावं लागलं! मायक्रोसॉफ्टने ही सोय व्हिस्टापासून आतच दिली.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यात मॉनिटर स्वतः नेटवर्कवर कधी आलाच नाही. त्याला आयपी ॲड्रेस नाही. जो काही हुकूम जातो तो कॉम्प्युटरमार्फत, केबलमधून. १९९४ मध्ये व्हेसाने व्हीजीएच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मॉनिटरला बोलतं केलं. तेव्हापासून तो १२८ बाइट्समध्ये कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि उत्पादनाचं वर्ष सांगतो. (ऑफिसात कुठल्या मजल्यावर कुठला मॉनिटर आहे याची यादी आजही यावरूनच निघते.) १९९८ च्या डीडीसी/सीआय स्टँडर्डने तो ऐकायलाही लागला: ब्राइटनेस, इनपुट, पॉवर, सगळं सॉफ्टवेअरमधून. पण कॉम्प्युटर हँग झाला की निरोप्याच गेला. मॉलमधल्या जाहिरातींच्या मोठ्या पडद्यांना स्वतःचा लॅन पोर्ट असतो. आपल्या टेबलावरच्या बहुतेकांना नाही.

मग ॲडमिनने सगळ्यांचे मॉनिटर १५ मिनिटांनी बंद करावेत का? कंट्रोल रूममधला पडदा ऐन वेळी काळा झाला तर ते महागात पडेल. रात्रपाळीला सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्याचंही तेच. त्यामुळे अपवादांची यादी हवीच आणि ती त्या लोकांना विचारून करायला हवी. पण बाकीच्या ९५ जणांचं काय? त्यांना मॉनिटर चालूच ठेवायचा होता असं नव्हे. त्यांनी ते सेटिंग कधी उघडूनच पाहिलं नव्हतं.

मला या इतिहासातून हेच दिसतं. 'ज्याचं मशीन, त्याची मर्जी' हे ऐकायला छान वाटतं, पण ज्या सेटिंगबद्दल कुणाची काही मर्जीच नसते, तिथे डीफॉल्ट ठरवणाराच खरा निर्णय घेत असतो. १९९३ ते २००१ या काळात तो निर्णय कुणीच घेतला नाही, आणि वीज जळत राहिली. आज एलसीडी झोपेत जेमतेम एखादा वॅट घेतो, त्यामुळे मॉनिटरचा प्रश्न बराच हलका झालाय. पण रात्रभर उगाच चालणारे टेस्ट सर्व्हर आपल्या टीममध्येही असतीलच. ते बंद करायचा अधिकार कोणाला आहे, हे सोमवारी जरा विचारून बघा.